बारदान वजा जाता

२९ जुलै २०२४, सोमवार. सकाळी साडेसात.

नवी वही. पहिल्या पानावर सगळ्यांची विचारपूस करावी, बरं असतं.

उजवा गुडघा कसा आहे? बरा. डावा? त्याला उजव्याचं बरं झालेलं बघवत नाही. फ्रिज? कण्हतो, पण वयोमानाने ठीक. तुळस? दोन पानं पिवळी, बाकी प्रकृती उत्तम. मिक्सर? अंग फार तापतं, विश्रांती दिली आहे. भिंतीवरचं घड्याळ? मागे पडतं, पण इथे घाई कुणाला आहे? आणि सांगलीकर मंडळी? बायको गोदावरी, लेक अपूर्वा, जावई अवधूत, दोन महिन्यांची नात सई. फोनवरून तरी सगळी खुशाल.

मी? झकास.

गोदावरी एप्रिलअखेर अपूर्वाच्या बाळंतपणाला गेली. खरं तर लेकीनं माहेरी कोरेगावला यायचं, पण डॉक्टर सांगलीचे, आणि अवधूतला आई नाही. जाताना म्हणाली, ‘सव्वा महिना झाला की येतेच.’ आता गणपतीला नक्की. तिला तिकडे करमत नाही. काल फोनवर ‘ठेवते हं, सईला न्हाऊ घालायचंय’ म्हणताना आवाज जड झाला होता.

खानावळीचा डबा आजपासून बंद. स्वयंपाक हाती घेतला.

३१ जुलै, बुधवार.

स्वयंपाक अवघड नाही. अवघड आहे ती बायकांची भाषा. फोनवर विचारलं, वरणाला मीठ किती? म्हणाली, ‘बेतानं.’ खिचडीला तेल? ‘जरा सढळ हातानं.’ भाताला पाणी? ‘दोन पेरं वर.’ कुणाच्या बोटाची पेरं ते सांगितलं नाही. अशा बोलीवर मार्केट यार्डात घेवड्याचं एक पोतं विकलं गेलं नसतं.

मी मापाडी. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं काट्यानं शिकवलं. घेवडा, आलं, हळद. आयुष्यभर शेतकरी एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मी. माझ्या आकड्यावर दोघांनी मान डोलवायची.

संकल्प: घरातल्या प्रत्येक वाटीचं, चमच्याचं, मुठीचं ग्रॅममध्ये रूपांतर करायचं. एकच तक्ता. नाव ठरलं: गृहोपयोगी वजनकोश. गणपतीला ही आली की हातात ठेवायचा. म्हणेल, आधी का नाही केलंत.

साताऱ्याहून डिजिटल काटा आणला. दुकानदार समजावायला लागला, ‘काका, रिकामं भांडं ठेवायचं, हे बटण दाबायचं, झिरो येतं.’ म्हटलं, ‘बाळा, जन्म काट्यापाशी गेलाय.’ त्यानं बिल फाडलं.

४ ऑगस्ट, रविवार.

कामाला मुहूर्त. आधी स्टँडर्ड वाटी ठरवली. आमच्या घरात एका मापाच्या दोन वाट्या नाहीत. कुणाच्या लग्नातला आहेर, कुणाच्या मुंजीतला, कुणाच्या साठीशांतीतला. त्यातली सर्वांत भारदस्त निवडली. जाड बुडाची, कड सरळ.

पद्धत अशी. रिकामी वाटी काट्यावर, बटण, झिरो. मग वाटी भरायची, आकडा बघायचा. मग त्यातून बारदान वजा. यार्डाचा पहिला नियम तो: पोत्यासकट वजन म्हणजे चोरी. रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं वजन कापल्याशिवाय आकडा लिहायचाच नाही. इथे वाटी हेच बारदान. अठ्ठावन्न ग्रॅम. मीठ, हळद, तिखट चमच्यानं कागदावर काढून तोललं. कागदाला बारदान धरत नाहीत.

नोंदी: तांदूळ एक वाटी, एकशे सतरा ग्रॅम. कणीक, चौसष्ट. पोहे, बारा.

पोह्यांचं नवल वाटलं. पूर्वी एवढे हलके नव्हते. हल्ली सगळंच फुगवून विकतात.

८ ऑगस्ट, गुरुवार.

नाश्त्याला पोहे. दोन वाट्या, म्हणजे कोशाप्रमाणे चोवीस ग्रॅम; तेवढे कागदावर तोलून घेतले. कांदा, मिरची, शेंगदाणे रीतसर. ताटलीत कांदा भरपूर दिसत होता, पोहे शोधून खाल्ले. खारट वाटले. हल्लीचं मीठही जास्त खारट येतं. ही नोंद कोशात लाल पेनानं.

संध्याकाळी गोदावरीचा फोन. ‘जेवलात का?’ म्हटलं, ‘जेवलो म्हणजे? सकाळी पोहे केले, मऊ लुसलुशीत. संध्याकाळी मुगाची खिचडी.’ ‘तुम्ही? पोहे?’ हसली. मागून अपूर्वा ओरडली, ‘अप्पा, यू आर ग्रेट!’

खिचडीला चटका बसला होता, पण तो खालच्या बाजूला. वरच्या खिचडीबद्दल सांगितलं, त्यात खोटं काही नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा.

शेजारच्या भामाबाई नारळीभात घेऊन आल्या. चांगला होता. मीठ कमी घालतात, हौशी काम.

फळीकडे नजर टाकून म्हणाल्या, ‘आवं भाऊ, माजी एक वाटी हाय तुमच्याकडं. गोदाताईंनी लोणचं न्हेलं हुतं, तवापास्नं.’ म्हटलं, बघून घ्या यातली. त्यांनी सरळ स्टँडर्ड वाटी उचलली, उलटी केली. बुडावर नाव कोरलेलं. भामाबाई.

म्हणजे दोन आठवड्यांचा कोश परक्या वाटीवर उभा.

घाबरलो नाही. म्हटलं, काही दिवस राहू द्या माझ्याकडे, मोठं काम चालू आहे. म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या की. वाटी कुटं पळून चाललीय? ताई आल्या की त्यांच्याकडनं घीन. कवा येत्यात?’ म्हटलं, गणपतीला. ‘बरं झालं बया. घर कसं न्हाव्याच्या दुकानागत झालंय, आरसा हाय, माणूस न्हाई.’

आलेलं भांडं रिकामं पाठवू नये, म्हणून त्यांच्या नारळीभाताच्या डब्यातून माझ्या हातचा शिरा दिला. कोशात आता वाटीऐवजी ‘भा. वा.’ असं लिहायचं. भामाबाई वाटी. फरक काहीच नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार.

भामाबाई कुंपणावरून: ‘भाऊ, शिरा लय भारी हुता. आमच्या कोंबड्यांनी सुदीक चोचीत धरला न्हाई.’

कोंबड्यांना गोड चालत नाही हे नवीन कळलं.

१ सप्टेंबर, रविवार.

पँट ढिली झाली. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. बिनव्यायामाचा सडपातळ झालो. मोजून-मापून खाण्याचा हा फायदा. कोशाच्या प्रस्तावनेत घालायचं.

दुपारी मात्र पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. ती भूक नव्हे. आत्ताच जेवलो होतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी.

गोदावरी येत नाही. सईला लसीचा ताप, अवधूत टूरवर. आता दसऱ्याला नक्की.

विचारत होती, ‘अहो, तुमचं कसं होईल? गणपती एकट्यानं…’ आवाजात काळजी होती. अशा वेळी धीर द्यायला हवा. म्हटलं, ‘माझी काळजी सोड. उद्या उकडीचे मोदक करतोय.’

मग म्हणाली, ‘म्हणजे सगळं जमायला लागलंय तुम्हाला.’

कौतुक करतानाही हिचा आवाज बारीक येतो. रेंजचा प्रॉब्लेम.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेशचतुर्थी.

गोदा वाईची. तिच्याकडे मोदक उकडीचेच. पूर्वी एकदा तिनंच सांगितलं होतं, ‘पिठाला समान पाणी, बास. त्यात काय आहे?’ खरंच, काय आहे? एक भा. वा. तांदळाचं पीठ, कोशाप्रमाणे बहात्तर ग्रॅम. पाणी समान. म्हणजे बहात्तर ग्रॅम. काट्याला समान म्हणजे समान.

उकड झाली ती वाळूसारखी. मळली, पुन्हा मळली, देवाचं नाव घेऊन मळली. पाकळ्या पाडायला गेलो की मोदकाचा निकाल लागायचा. शेवटी मुठीत दाबून अकरा गोळे केले आणि सारण बाहेरून लावलं. बाप्पांनी बघितलं, बोलले नाहीत. त्यांचा स्वभाव चांगला.

इतक्यात घरच्या ग्रुपवर अपूर्वाचा मेसेज: ‘अप्पा, मोदकांचा फोटो पाठवा!! आई सगळ्या बिल्डिंगला सांगतेय.’

भामाबाईंच्या घरून नैवेद्याचं ताट आलं होतं. पाच मोदक, कळीदार, वर तुपाची धार. फोटो काढला. मी फक्त फोटो पाठवला. कुणी केले ते लिहिलं नाही. विचारलंही नाही कुणी.

सतरा अंगठे आले. गोदावरीचा एक नमस्कार.

२२ सप्टेंबर, रविवार.

लालासाहेब आला होता. यार्डातला माझा जोडीदार मापाडी. आता उंब्रजला लेकाकडे असतो. गड्याला बघून बरं वाटलं. कोश दाखवला. अवधूतनं मागे सांगलीचा भडंग पाठवला होता, तो समोर ठेवला. चघळत चघळत तक्ता वाचत होता. एकदम थांबला.

‘मधुकर, हे काय रं? चिरमुरं, एक वाटी, वजा पस्तीस ग्रॅम?’

म्हटलं, ‘हो. हलके असतात.’

‘हलकं असत्यात म्हंजे? वजा? मग आता मी मूठभर खाल्लं तर माजं वजन कमी हुनार का काय?’

म्हटलं, दमट हवेचा परिणाम असेल, अजून अभ्यास चालू आहे. तो उठला, स्वयंपाकघरात गेला. ‘कर बघू माज्यासमोर.’ केलं. वाटी ठेवली, बटण दाबलं, झिरो. चिरमुरे भरले. तेवीस आले. बारदान वजा केलं.

लालासाहेबानं कपाळावर हात मारला. ‘आरं गड्या, काट्यानं वाटी आदीच कापली की. झिरो कशाला करत्यात? तू परत कशाला कापतुयास? एका पोत्याचं बारदान दोनदा कापलं असतंस तर शेतकऱ्यानं यार्डात तुजी वरात काडली असती!’

नंतर इतका हसला की भडंग नाकात गेला. पाणी दिलं. हसायचं थांबल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘म्हून असा वाळलायस व्हय. दोन महिनं सवताच्याच ताटातनं मापात मारतुयास.’ मग जरा वेळानं, ‘वहिनी कवा येनार?’

म्हटलं, दसऱ्याला. तिची इच्छा कधीची आहे, मीच म्हणतो सईला थोडं मोठं होऊ दे.

‘तूच म्हनतुयास?’ म्हणाला. मग विषय बदलला, उंब्रजच्या पुलाचं काहीतरी सांगत बसला.

२३ सप्टेंबर, सोमवार.

दुरुस्ती किरकोळ आहे. वाटीच्या प्रत्येक नोंदीत अठ्ठावन्न मिळवायचे की झालं. मूळ पद्धत बरोबरच होती, फक्त एकदा जास्त बरोबर झाली.

दुरुस्त आकड्यानं भात लावला. पातेलं भरून झाला. वरण, भात, वर तूप. पोटभर जेवलो, कित्येक दिवसांनी ढेकर आली. बसून राहिलो. पोट भरलं, पण पोटात ते खड्डा पडल्यासारखं होतं ना, ते आहे तसंच.

काटा पुन्हा तपासायला हवा.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

गोदावरी आली नाही. सईचं पालथं पडणं सुरू झालंय, क्षणभर सोडता येत नाही. दिवाळीला मीच जावं असं ठरलं. उत्तम. कोश तिथेच नेऊन देतो.

सोनं द्यायला भामाबाई आल्या, लालासाहेबाचा फोन आला. दारावरचं तोरण मीच केलं. झेंडू पाव किलो, आंब्याची पानं बिनमोजता.

एकट्याच्या स्वयंपाकाची मात्र अजून गोम सापडत नाही. हिचं प्रत्येक माप दोन माणसांचं. निम्मं केलं तर फोडणी पातेल्याच्या बुडाशी हरवते, मोहरी एकीकडे तडतडते, जिरं दुसरीकडे जळतं. पुरं केलं तर दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसाच्या आमटीशी माणूस बोलायला लागतो. मी नाही. एक उदाहरण दिलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. सांगली. लक्ष्मीपूजन.

कालच्या गाडीनं आलो. काटा पिशवीत, कोश कडक पुठ्ठ्यात.

दार गोदावरीनं उघडलं. ‘अगं बाई, केवढे वाळलात!’ म्हटलं, ‘फिटनेस.’ तिनं पिशवी घेतली, मग मनगट धरून बघितलं. बाजारात दोडका बघतात तसं.

सईला काट्यावर ठेवायची कल्पना माझी. भाजीच्या टोपल्यात बसवली. काट्यानं इंग्रजीत लिहिलं: ओव्हरलोड. अपूर्वा ओरडली. सई हसली. माझ्या बाजूची आहे.

दुपारी चकल्या. गोदावरी ओट्याशी, मी शेजारी काटा घेऊन. तिनं भाजणीत ओवा टाकायला चिमूट उचलली की मी काटा तिच्या हाताखाली सरकवायचा. ‘अहो, सरका! तेल तापलंय.’ म्हटलं, एवढी एक चिमूट. ‘चिमटीचं काय वजन करायचं असतं?’ तरी थांबली. ओवा काट्यावर टाकला. काटा शून्यावरच राहिला. चिमूट त्याला कळली नाही. मग मिठाची मूठ मागितली, तीही दिली. बेचाळीस ग्रॅम. माझी मूठ एकसष्ट. हा फरक आजवर कोशात कुठेच धरला नव्हता.

कोश तिच्या हातात दिला. पानं उलटली. ‘सुरेख अक्षर आहे,’ म्हणाली. चष्मा पिठानं भरला होता, वाचता आलं नसावं.

तेवढ्यात अपूर्वा आली. म्हणाली, ‘अप्पा, एक विचारू? माझी रजा संपतेय. पाळणाघरात एवढ्या लहानग्या जिवाला ठेवायला मन होत नाही. तुमचं कोरेगावात इतकं छान चाललंय म्हणून विचारते हं, नाहीतर विचारलंच नसतं. आईला जूनपर्यंत ठेवून घेऊ? नाहीतर तुम्हीच या इकडे.’

दोन खोल्यांत पाच माणसं. हॉलमधल्या दिवाणावर मी, माझ्यावरून सगळ्यांची ये-जा. आणि कोरेगावची तुळस कोण बघणार?

गोदावरी झारा हातात धरून माझ्याकडे बघत होती. चकल्या कढईत.

म्हटलं, ‘अगदी ठेव. त्यात विचारायचं काय? माझं सगळं मस्त चाललंय.’

ती कढईकडे वळली. तो घाणा करपला. हिच्या हातून चकली करपलेली मी प्रथमच पाहिली. शेगडी नवी आहे, आच कळत नसेल.

४ नोव्हेंबर, सोमवार. कोरेगाव.

आलो. घर व्यवस्थित. तुळशीला भामाबाईंनी पाणी घातलं होतं.

डब्यात चकल्या, शंकरपाळी, लाडू. स्टेशनावर अवधूत सोडायला आला होता. म्हणाला, ‘अप्पा, आई काल जेवल्या नाहीत नीट. दगदग झाली बहुतेक.’ म्हटलं, तिला दिवाळीत होतंच तसं, तेलाच्या वासानं.

तसं पूर्वी कधी झालेलं आठवत नाही. पण वय आहे.

भामाबाईंनी वाटी मागितली. ‘ताई जूनला येनार म्हंजे मी काय जूनपतोर वाटीसाटी थांबू?’ दिली. आत दोन लाडू घालून दिली.

१० नोव्हेंबर, रविवार.

स्टँडर्ड वाटी गेल्यामुळे कोशाचं काम तहकूब. फराळावर चाललं आहे. शंकरपाळी चहात चांगली लागते. नवीन वाटी ठरवायची आहे. उद्या.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

उद्या नक्की.

१७ नोव्हेंबर, रविवार.

फराळ परवा संपला. गॅस पेटवला, बंद केला. कणीक मळायची म्हणजे परात धुवायची. एका पोळीसाठी परात.

दुपारी गोदावरीला मेसेज लिहिला. नीट, विचार करून:

‘सौ. गोदावरीस. सईची सर्दी गेली का? अपूर्वाची पाठ कशी आहे? अवधूतची ॲसिडिटी? तुझ्या पायांना रात्री गोळे येतात का अजून? इकडे सर्व क्षेम. कोशाचं काम निर्णायक टप्प्यावर आहे. काही नोंदींच्या पडताळणीसाठी अनुभवी व्यक्तीनं प्रत्यक्ष कोरेगावी येणं गरजेचं झालं आहे. मुदत निश्चित नाही. येण्याजाण्याचा खर्च कोशातर्फे.’

पाठवला. तासाभरानं उत्तर आलं. ‘कोश राहू द्या हो. आज काय जेवलात? खरं सांगा.’

लिहिलं, ‘वरणभात, काकडीची कोशिंबीर.’ पुसलं.

लिहिलं, ‘खिचडी. अंदाजे तीनशे ग्रॅम.’ तेही पुसलं. आज काट्याला हात लावलेला नाही.

मग लिहिलं, ‘बिस्किटं. चहात बुडवून. कालही तीच.’ आणि विचार करायच्या आत पाठवून दिलं.

निळ्या खुणा झाल्या. ती टाइप करतेय असं दिसलं. थांबलं. पुन्हा दिसलं. पुन्हा थांबलं. सई उठली असेल.

म्हणून मीच आणखी एक ओळ पाठवली:

‘जूनपर्यंतचं मी उगाच बोललो. तू लवकर ये.’